भिंतीवरची खरवड

आगाशे कुणाकडे सांगून जात नसत. रविवारी सकाळी दार वाजावं, उघडावं, तर समोर आगाशे, हातात खारी बिस्किटांचा पुडा. आत कुणाच्या डोक्याला मेंदी थापलेली असे, कुणाच्या दिवाणावर इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग असे. आगाशे त्या ढिगाशेजारीच जागा करून बसत आणि म्हणत, "चालू द्या तुमचं. माझ्यासाठी काही आवरू नका." तरीही एखादी बाई आवरायला उठलीच, तर ते हात जोडून तिला खाली बसवत.

डोंबिवलीत आमच्या ओळखीच्या घरांतून याचा फार राग होता. माझ्या सासूबाई म्हणायच्या, "एवढे शिकलेले गृहस्थ, एक निरोप पाठवता येत नाही?" आगाश्यांच्या पत्नी मालतीकाकू ओशाळून म्हणत, "सांगून थकले हो. पूर्वी असे नव्हते."

पूर्वी असे नव्हते हे खरं आहे. मी त्यांना दोन्ही रूपांत पाहिलं.

मी यादी करून काम करणारी बाई आहे. हे लिहायला बसण्याआधीही कागदावर रकाने पाडले: पोशाख, सवयी, वाक्यं, प्रसंग. पहिले तीन भराभर भरले. चौथ्यात मात्र फिरून फिरून एकच प्रसंग यायला लागला, तेव्हा कागद बाजूला ठेवला.

ठाण्यात माजिवड्याच्या पुढे आमचा कारखाना होता. तिथे विनाइल क्लोराइडपासून पीव्हीसीची पांढरी भुकटी बनायची. ती भुकटी पुढे पाइप होऊन, चपलांचे तळवे होऊन लोकांच्या घरी जायची. मी उत्पादनाच्या नियोजनात होते. कोणत्या दिवशी कोणत्या रिअ‍ॅक्टरमध्ये किती बॅच लागतील, ते ठरवून कागद खाली पाठवायचा, हे माझं काम. आगाशे संशोधन विभागात होते. कारखान्यात तो विभाग म्हणजे एक लांबट खोली आणि तीत आगाशे.

टेरिकॉटची करडी पँट, अर्ध्या बाह्यांचा पांढरा सदरा, आणि खिशात पेनाशेजारी वळणदार रेषा काढायची प्लास्टिकची पट्टी. ती पट्टी कायम बाहेर डोकावायची. कामगार त्यांना 'रेघवाले साहेब' म्हणत. आगाश्यांना ते नाव माहीत होतं आणि आवडायचंही. कशाचीही रेघ काढायची त्यांना हौस होती. चहा किती वेगाने निवतो, कंपनीची बस कोणत्या थांब्याला किती भरते, मालतीकाकूंचा राग किती वेळात चढतो आणि उतरतो. "किती ते नंतर सांगा," ते म्हणत, "आधी कधी ते सांगा. बेरीज कुणालाही जमते, वेग कळला पाहिजे."

त्यांचं खरं काम या वेगाचंच होतं. विनाइल क्लोराइड हा वायू. तो दाबाखाली पातळ करून मोठ्या बंद भांड्यात, म्हणजे रिअ‍ॅक्टरमध्ये, पाण्याबरोबर घुसळायचा, म्हणजे पाण्यात त्याचे बारीक थेंब होतात. त्यात क्रिया सुरू करून देणारं कॅटलिस्ट, चिमूटभर म्हणावं इतकं, घालायचं. मग प्रत्येक थेंबात वायूचे कण एकामागे एक जोडले जातात, साखळ्या वाढतात आणि शेवटी थेंबाचा दाणा होतो. हे होताना उष्णता बाहेर पडते. ती काढून घ्यायला भांड्याभोवती दुसरी भिंत असते आणि मधल्या पोकळीत गार पाणी फिरतं. उष्णता निघते त्या वेगाने पाण्याने ती नेली, तर ठीक. नेली नाही, तर भांडं तापतं, आणि तापलं की आतली क्रिया आणखी वेगाने होते. हा वेग मिनिटामिनिटाला किती असेल ते समीकरणांनी आधीच सांगायचं, याचा आगाश्यांनी ध्यास घेतला होता.

गंमत अशी की ही क्रिया सुरुवातीला संथ असते आणि थकायच्या वेळी उलट जोर धरते. असं का होतं, हे त्यांनी मला कल्याणला एका लग्नात समजावलं. पंगत उठत होती. आगाश्यांनी जिलबीचा तुकडा मांडवाकडे रोखला.

"त्या बघा, बायका दाराकडे निघाल्यात. वाटेत दोन जुन्या मैत्रिणी भेटल्या की काय होतं?"

"गप्पा सुरू होतात."

"म्हणजे दोघींचं चालणं थांबतं. साखळीचंही तसंच. दोन वाढती टोकं भेटली की दोन्ही साखळ्या संपतात. आता मांडवात इतकी गर्दी झाली असं समजा की मैत्रिणींना एकमेकींपर्यंत पोचताच येत नाही."

"मग दोघी चालत राहतील."

"चालतच राहतील! थेंब जसा घट्ट होतो, तशी टोकं जागच्या जागी अडकतात, भेटत नाहीत, थांबत नाहीत. म्हणून शेवटी वेग वाढतो." मग जिलबी तोंडात टाकून ते म्हणाले, "आणि यजमानाला वाटतं, आता काय, कार्य उरकलं."

शेजारी बसलेले एक आजोबा हे सगळं मन लावून ऐकत होते. त्यांनी विचारलं, "मुलीकडचे का तुम्ही?"

समीकरणं सोडवायला आगाशे मुंबईतल्या एका संस्थेच्या कॉम्प्युटरवर जात. भोकं पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा ते चपलांच्या रिकाम्या खोक्यातून नेत, तोही आमच्याच भुकटीच्या चपलांच्या. एकदा खोकं बसमध्ये सांडलं आणि कार्डांचा क्रम गेला. आगाशे बसच्या बाकांमध्ये गुडघ्यांवर बसून कार्डं लावत राहिले आणि त्यांच्यासाठी अख्खी बस फाटकात थांबली. त्यांच्यावर कुणी रागवत नसे. रागवावं असं काही त्यांच्यात नव्हतंच.

समीकरणांना खरे आकडे लागतात, म्हणून ते चालू बॅचवर निरीक्षणाला बसत. दोन दिवस आधी माझ्याकडे यायचे. "कुलकर्णी, बुधवारी तीन नंबर भांड्यावर मी बसेन म्हणतो. खाली कळवाल?" मी कळवायची. बुधवारी आगाशे भांड्याच्या काट्यांच्या पॅनेलसमोर स्टूल घेऊन बसत, गार पाणी आत जाताना किती आणि बाहेर येताना किती तापलंय ते टिपत. शेजारी पॅनेल ऑपरेटर बाळाराम. तो खडवलीजवळच्या गावाचा, मोठ्या अंगाचा, हळू बोलणारा. आगाशे येणार म्हटलं की तो धुतलेला डगला घालून यायचा. खारीचा पुडा दोघांच्या मध्ये असायचा.

"साहेब, या रेघंनी व्हनार काय?"

"बॅच लवकर होईल, बाळाराम."

"लवकर झाली तर आमाला लवकर सोडतील?"

"नाही. आणखी एक बॅच लावतील."

"मग र्‍हावं द्या ना रेघ," बाळाराम म्हणायचा आणि दोघं हसायचे.

दोनेक वर्षांनी समीकरणांचं मॉडेल तयार झालं. आगाश्यांची रेघ आणि बॅचची रेघ एकीवर एक ठेवली तर वेगळी ओळखू येत नव्हती. मॉडेल सांगत होतं की आहे त्या गार पाण्यात अजून वाव आहे. कॅटलिस्ट वाढवा, शेवटचा जोर भांडं सहज सोसेल. वर्क्स मॅनेजर खूश झाले. आगाश्यांचं नाव परदेशातल्या एका परिषदेसाठी गेलं. मालतीकाकूंनी त्यांच्यासाठी गरम सूट शिवायला टाकला.

नव्या मापाच्या पहिल्या बॅचेस उत्तम गेल्या. मग एका दुपारी तीन नंबर भांडं शेवटच्या जोरात तापायला लागलं. बाळारामने गार पाणी पूर्ण उघडलं. तरीही काटा चढतच राहिला, तेव्हा त्याने क्रिया थांबवणारं औषध आत सोडलं. पण तोवर थेंब एकमेकांना चिकटले होते, आणि घुसळणारा दांडा अडकून बंद पडला. वायू बाहेर गेला नाही, कुणाला इजा झाली नाही. फक्त सगळा माल गोळा होऊन भांड्यात घट्ट बसला.

दुसऱ्या दिवशी बैठक झाली. मी बॅचचे कागद घेऊन हजर होते. वर्क्स मॅनेजरांनी आगाश्यांना विचारलं, "तुमच्या गणितात हे बसतं?"

आगाश्यांनी आपली रेघ पाहिली, पुन्हा पाहिली. "नाही. पाणी पूर्ण उघडलं असेल, तर भांडं इतकं तापणं शक्य नाही. कुणाच्या तरी हातून उशीर झाला असला पाहिजे."

त्यांनी बाळारामचं नाव घेतलं नाही, त्याची गरजही नव्हती. पॅनेलवर एकच माणूस होता. संध्याकाळी बाळारामला पत्र मिळालं: चौकशी पुरी होईपर्यंत पॅनेलवरून दूर, काम साफसफाईच्या टोळीत. कामावरून काढतील असं सगळे धरून चालले होते. त्याच्या धाकट्या मुलीचं लग्न ठरत होतं.

साफसफाई म्हणजे काय ते सांगायला हवं. दर बॅचला भांड्याच्या आतल्या भिंतीवर पीव्हीसीचा पापुद्रा धरतो. तो साठत जातो आणि कडक होतो. कामगार त्याला खरवड म्हणत, दुधाच्या पातेल्याची असते तशी. बऱ्याच बॅचेस झाल्या की वायू काढून, हवा सोडून, वरचं तोंड उघडत. मग कमरेला दोर बांधलेला माणूस आत उतरे आणि पात्याच्या पहारीने ती खरवडे. दोराचं दुसरं टोक तोंडापाशी बसलेल्या माणसाच्या हातात. कितीही हवा सोडली तरी आत वास उरायचाच. माणसं बाहेर येत ती झिंगल्यासारखी, बाकावर बसत, आणि त्यांना दूध आणि गूळ मिळे. त्या वायूत काम करणाऱ्यांना यकृताचा कर्करोग होतो, अशा बातम्या परदेशातून यायला लागल्या होत्या. आमच्याकडे दूध आणि गूळ होता.

भांडं केव्हा मोकळं होईल ते विचारायला मी वरच्या लोखंडी कट्ट्यावर गेले होते. थोड्या वेळाने आगाशे आले. त्यांना त्या घट्ट गोळ्याचा नमुना हवा होता. इतक्या वर्षांत ते कट्ट्यावर प्रथमच आले होते, कारण त्यांचं काम खाली पॅनेलपाशी असे. त्यांनी तोंडातून आत वाकून पाहिलं. आत दिवा सोडला होता. निम्मा गोळा फोडून काढल्यामुळे वरची भिंत उघडी पडली होती, आणि तिच्यावर बोटभर जाडीचा पांढरा थर होता. खाली पहार घेऊन उभ्या असलेल्या माणसाने मान वर केली. तो बाळाराम होता.

"साहेब, तोंडाशी उबे र्‍हाऊ नका. वास येतंय."

आगाशे हलले नाहीत. "बाळाराम, भिंतीवर हे काय आहे?"

"खरवड."

"या बॅचची?"

"नाय साहेब, आदीची. रोजचीच हाय ती."

"मी बसायचो तेव्हा होती?"

बाळारामला प्रश्नाचंच नवल वाटलं. "तवा कशी असंल? तुमी येनार बोलले का आमी आदल्या दिवशी उतरून घासून ठेवायचो ना. चकचकीत. पावना येनार तर खरकट्या भांड्यात रांधतात काय?"

दोर धरून बसलेला माणूसही हसला. त्या हसण्यात कौतुकच होतं. इतका मान ते दुसऱ्या कुठल्याच साहेबाला देत नसत.

आगाश्यांच्या ध्यानात काय आलं, ते मला जरा उशिरा कळलं. मॉडेलमधला वेग बरोबर होता, भिंत चुकली होती. त्यांनी मोजलेली प्रत्येक बॅच धुतल्या भिंतीची होती, आणि ती भिंत उष्णता झटकन बाहेर जाऊ देत होती. रोजच्या भिंतीवर गोधडी होती. पण त्या क्षणी ते याचा विचार करत नव्हते. त्यांनी विचारलं, "दर वेळी कोण उतरायचं?"

"कोन कोन. मी बी उतरलोय. तुमची बॅच म्हटल्यावर कोन नाय बोलतंय?"

आगाश्यांनी खिशातली पट्टी काढून माझ्या हातात दिली. मग कट्ट्यावर पडलेला दुसरा दोर उचलून ते कमरेला बांधायला लागले. गाठ त्यांना जमेना. दोरवाला म्हणाला, "साहेब, हे तुमचं काम नाय." बाळाराम खालून म्हणाला, "बाई, सांगा ना त्यांना." मी सांगितलं. त्यांनी ऐकलं नाही. ते शिडीवरून उतरले, बाळारामच्या हातातली पहार घेऊन भिंतीवर मारायला लागले. थोडासा पापुद्रा सुटला. मग त्यांना घेरी आली आणि बाळारामनेच त्यांना खाली उभं राहून वर ढकललं. बाकावर बसवून कुणीतरी दुधाचा पेला पुढे केला. तो त्यांनी घेतला नाही. त्यानंतर कधीच त्यांनी दूध घेतलेलं मी पाहिलं नाही.

पुढच्या बैठकीत ते उभं राहून बोलले. "ऑपरेटरचा उशीर झालेला नाही. माझ्या गणितातली भिंत स्वच्छ आहे. कारखान्यातली नसते. मी ते पाहिलं नव्हतं."

वर्क्स मॅनेजर त्यांना वाचवायला बघत होते. "आगाशे, तुम्ही पाहिलं नव्हतं, की तुम्हाला पाहू दिलं नव्हतं? लोकांनी मुद्दाम भांडी घासली, तुम्हाला सांगितलं नाही. हा त्यांचा दोष होतो."

"मी कधी न सांगता गेलो नव्हतो," आगाशे म्हणाले.

बाळाराम पॅनेलवर परत आला. परिषदेसाठी गेलेलं नाव मागे घेतलं गेलं. गरम सूट मालतीकाकूंनी कपाटात टांगून ठेवला.

मला वाटलं होतं, एवढ्यावर हे संपेल. आगाश्यांचं संपलं नाही. आता ते कळवल्याशिवाय खाली जायला लागले. कुठल्याही पाळीत, कुठल्याही भांड्यावर, मळक्या भिंतीची बॅच मोजायला. कामगारांना ते तपासणी वाटलं. खारीचा पुडा उघडाच पडून राहायचा. एकदा बाळारामने विचारलंच, "साहेब, आमच्यावर भरोसा नाय र्‍हायला का?" बैठकीत जे चारचौघांत बोलले, ते त्याच्यासमोर एकट्याने त्यांच्या तोंडून कधी निघालं नाही. ते स्टुलावर मान खाली घालून आकडे टिपत राहिले.

भिंतीची खरवड धरून मॉडेल पुन्हा उभं राहिलं, आणि या वेळी ते रोजच्या भांड्यालाही लागू पडलं. आगाश्यांची खरी पंचाईत इथे झाली. बरोबर मॉडेल स्पष्ट सांगत होतं: वेग वाढवायचा असेल तर दर बॅचला भिंत घासा. मॅनेजरांना त्यात अडचण काहीच दिसली नाही. "मग घासू. माणसं आहेत."

त्या आठवड्यात आगाशे माझ्या टेबलाशी आले आणि कॅटलिस्टच्या मापाचा कागद ठेवला. माप जुन्याहूनही कमी होतं. बॅच इतकी संथ चालली असती, की जाड खरवडीच्या भिंतीलाही ती सोसली असती, आणि भांड्यात उतरायची वेळ क्वचितच आली असती.

"हे मॉडेलचं माप आहे?" मी विचारलं.

"मॉडेलचं नाही. माझं आहे."

"वर विचारतील."

"विचारू द्या. मी इथेच असतो."

वर विचारलं. मॅनेजरांनी भर बैठकीत म्हटलं, "आगाशे, तुम्ही शास्त्रज्ञ आहात की युनियनचे पुढारी?" आगाश्यांनी फक्त वाढीव मापाच्या कागदावर सही केली नाही, आणि त्या भांड्यावर एकदा झालेलं लक्षात असल्यामुळे त्यांच्या सहीशिवाय ते माप वापरायची हिंमत कुणी केली नाही. बाहेर त्या पद्धतीला 'आगाश्यांची मंद आच' म्हणत. बढती त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या मुलाला मिळाली. पेढे घेऊन तो आला, तेव्हा आगाश्यांनी त्याला माणूस आत न उतरवता जोरदार पाण्याच्या फवाऱ्याने भांडं आतून धुणाऱ्या यंत्राची माहितीपत्रकं दिली. "तुझं आता वर ऐकतील," ते म्हणाले. यंत्र यायला पुष्कळ काळ लागला. ते आलं त्या महिन्यात आगाश्यांनी वाढीव मापावर सही केली, आणि पुढे लवकरच निवृत्त झाले.

लोकांच्या दारात अवचित उभं राहणं मात्र त्यांनी सोडलं नाही. घासून ठेवलेलं काही दिसलं की ते अस्वस्थ होत. एकदा आमच्याकडे दिवाळीच्या आधी आले, तर मी पितळी डबे चिंचेने घासत होते. ते म्हणाले, "कुणासाठी?" मी म्हटलं, "दिवाळीसाठी." तेव्हा कुठे टेकले.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते खडवलीला, बाळारामकडे. बाळारामही तोवर निवृत्त होऊन गावी राहायला गेला होता. आगाशे सकाळीच आमच्याकडे येऊन म्हणाले, "कुलकर्णी, चला, बाळारामकडे जाऊ." अर्थात त्याला कळवलेलं नव्हतं.

वाटेवरून येताना आम्ही लांबूनच दिसलो असणार. बाळारामची बायको ओटीवरचं भात पाखडणं सोडून झाडू घ्यायला धावली. बाळाराम खाटेवर बसून होता. पूर्वीचं मोठं अंग राहिलं नव्हतं, वय झालं होतं की आणखी काही, ते कोण सांगणार. त्याचा आवाज आम्हाला ऐकू आला, "र्‍हाऊ दे गो. रेघवालं साहेब हायेत. त्यांना हाय तसाच बगायचं असतंय."

आगाशे कोंड्यातच बसले. त्यांचा चेहरा इतक्या दिवसांत प्रथमच सैल झालेला मी पाहिला. मुलीची, नातवंडांची चौकशी झाली. मग चहा आला. घरच्यांना स्टीलच्या पेल्यांत, आणि आगाश्यांना व मला फुलांच्या नक्षीच्या कपबशीत. कप नवे होते, तळाला किमतीची चिठ्ठीसुद्धा तशीच.

आगाश्यांनी कप उचलला नाही. "बाळाराम, मला तुमच्यातला पेला द्या."

"का? कपाला काय झाला?"

"मला हे नको. माझ्यासाठी वेगळं काही नको."

बाळारामने बशी त्यांच्याकडे सरकवली. "साहेब," तो म्हणाला, "माज्या घरात मी पावन्याला चांगला कप देनार. ते तुमच्या हातात नाय. घ्या. गार व्हतंय."

आगाश्यांनी चहा घेतला. खाली मान घालून, कुणाला तरी न परवडणारं काही खात असल्यासारखं. मग कपबशी घेऊन ते उठले आणि मागच्या दारच्या मोरीशी जाऊन उकिडवे बसले. बाळारामची बायको "अवो साहेब, अवो साहेब" करत मागे गेली. बाळारामने तिला हाताने थांबवलं आणि काठी टेकत स्वतः त्यांच्यामागे जाऊन उभा राहिला.

माझी परतीची गाडी होती. आगाशे दुपारपर्यंत थांबणार होते. मी पर्स घेतली आणि निरोप घ्यायला मागच्या दारात गेले. आगाश्यांनी चिमूटभर राख घेतली होती, आणि ते कपाची आतली बाजू बोटाने घासत होते, गोल गोल, एकाच जागी. खांद्यावर टॉवेल घेऊन बाळाराम मागे उभा होता.

"झाला साहेब साफ," तो म्हणाला. "आता सोडा."

आगाशे घासत राहिले.